कृपया फक्त आकडे लिहा

कुणी फॉर्म भरताना चुकलं की ओटेकाका खूश व्हायचे. दुसऱ्याच्या चुकीवर खूश होणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतःही त्यांतलीच. पण ह्यांचं तंत्र निराळं होतं. रोज सकाळी दहाला ते चहाचा कप कीबोर्डच्या उजव्या अंगाला ठेवायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि कॉम्प्युटरवर ‘परत’ नावाची यादी उघडायचे. आम्ही बनवलेल्या वेबसाइटांवर आदल्या दिवशी ज्यांचे फॉर्म काही ना काही चुकीमुळे अडले, त्यांची ती यादी. पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचाव्यात तशी ते ती मोठ्यानं वाचायचे.

“ह्या गृहस्थांनी जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख टाकलीय. बायको शेजारी बसली असणार.”

मग खरोखरच त्या गृहस्थांना फोन लावायचे. “नमस्कार. आपला फॉर्म अडला होता. नाही हो, आपलं काही चुकलं नाही, आमचीच खिडकी अरुंद आहे.” आम्ही पोरंपोरी हेडफोन लावून हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

आमचं ऑफिस नाशिकला, सातपूरमध्ये, खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही सात जण. शाळा, संस्था, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइटा करून द्यायचो. काकांनी साठी ओलांडली होती. त्यांना ओटेकाका हे नाव आम्हीच पाडलेलं, आणि त्याला कारण होतं. फॉर्म दोन ठिकाणी तपासता येतो. एक तर भरणाऱ्याच्याच फोनवर, तो पाठवायच्या आधी. नाहीतर पाठवल्यावर, आमच्या सर्व्हरवर. पहिल्याला आमच्या धंद्यात क्लायंट साइड म्हणतात, दुसऱ्याला सर्व्हर साइड. काका म्हणायचे ओटा आणि माजघर. “ओट्यावर पाणी विचारायचं. ठेवायचं का नाही, हे माजघरात ठरवायचं. ओट्यावरून माणूस परत पाठवायचा नाही. घरात कुणाला कळतसुद्धा नाही तो येऊन गेला ते.”

ओटा माझ्याकडे होता, माजघर त्यांच्याकडे.

ते कुणालाही नावानं हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. अकाउंटवाला सिन्नर, डिझाइनवाली ओझर, मी नांदगाव. मला ते मुळीच आवडायचं नाही. नांदगाव पुसून काढायला मी चार वर्षं कॉलेज रोडला घासली होती. ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘लय’चं ‘खूप’ केलं, फोन मराठीतून इंग्रजीत केला, आणि हा माणूस सगळ्या ऑफिसासमोर ओरडायचा, “ए नांदगाव, चहा घेतला का?”

त्यांचा हट्ट मराठी आकड्यांचा. फळ्यावर, डब्यावर, हजेरीवर, सगळीकडे १, २, ३. मोटरसायकलची पाटीसुद्धा मराठीत. तसली पाटी कायद्याला चालत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पोलिसानं अडवलं की विचारायचे, “वाचता येत नाही का?” त्याला वाचता यायचं, म्हणून तो आणखी भडकायचा. एकदा मी म्हणाले, “काका, कॉम्प्युटरला नाही ना कळत.” तर म्हणाले, “त्याला कळवू की.” आणि दुपारी जेवण टाकून सर्व्हरवर पाचसहा ओळी लिहिल्या. मराठी आकडा आला की त्याचा इंग्रजी करून घ्यायचा, बास. त्या ओळींच्या डोक्यावर त्यांनी टीप लिहिली होती: ‘आत आलेल्याची जात, गाव, आकडा विचारू नये.’ तिचा फोटो काढून मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली हसून लोळणारी तीन तोंडं.

ते पूर्वी एका कचेरीच्या खिडकीवर अर्ज घ्यायला होते. कॉम्प्युटर आले, ते शिकले, आणि शिकता शिकता कचेरीतूनच बाहेर पडले. का बाहेर पडले हे एकदाच बोलले. पेठ तालुक्यातल्या एका माणसाला त्यांनी एकाच अर्जासाठी तीनदा परत पाठवलं होतं. एकदा सही चुकीच्या जागी, एकदा फोटो मोठा, एकदा साहेब रजेवर. चौथ्यांदा तो आलाच नाही. “तो का आला नाही, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलंय, सांग. आलेल्यांची नोंद असते, गेलेल्यांची असते. परत पाठवलेल्याची नसते.” त्या दिवसापासून त्यांनी खिडकीवर एक वही ठेवली. लाल पुठ्ठ्याची, तीन रकान्यांची. नाव, कारण, कोणी. ‘कोणी’ म्हणजे कोणी परत पाठवलं. तिथं वरपासून खालपर्यंत त्यांचंच नाव, कारण खिडकीवर दुसरं कुणी नव्हतंच. नावं वाढत गेली, तेव्हा त्यांनी खिडकीच सोडली. ती वही ते अजून ड्रॉवरात ठेवत. कधी कधी काढून चाळत. “हा रकाना रिकामा ठेवला ना, की वही रद्दी,” असं म्हणायचे.

कॉम्प्युटरवरची ‘परत’ ही त्या वहीचीच नात. मला तेव्हा ती म्हाताऱ्याची खोड वाटायची.

त्या उन्हाळ्यात एका संस्थेचं काम आलं. नाशकात मुलींचं वसतिगृह, दहावी झालेल्या डोंगराकडच्या मुलींसाठी. अर्ज ऑनलाइन. मागच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेला फॉर्म शेवटच्या दिवशी बंद पडला होता, म्हणून आमच्या साहेबांना घाई. मी सुचवलं, “सगळी तपासणी फोनवरच करू. बरोबर असेल तेवढंच आत जाईल. सर्व्हरवर ताण नाही, पेज झटपट.”

काका म्हणाले, “फोनवर तपास की, नाही कोण म्हणतं? चुकलं तर सांग. पण अडवू नकोस. आत येऊ दे, आत मी बघतो.”

“काका, चुकीचं आत कशाला घ्यायचं?”

“चुकीचं आहे हे तू ठरवणार? ओट्यावर बसून?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या बाजूनं कौल दिला. मला काय झालं होतं म्हणून सांगू? मला आनंद झाला, नुसता आनंद. काका म्हणाले, “ठीक. मग एक कर. ज्याला अडवशील त्याची चिठ्ठी तेवढी आत पाठव. माझ्या यादीत पडू दे.”

“करते,” मी म्हणाले. दोन तासांचं काम होतं. मी केलं नाही. विसरले नाही, केलं नाही.

पहिल्या आठवड्यात अर्ज धडाधड आले आणि ‘परत’ रिकामी. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. “बघा काका, एकही चूक नाही.” ते त्या कोऱ्या यादीकडे चहा निवेपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, “रिकामी? मग लोक गेले कुठं?” मी म्हणाले, “लोक शहाणे झाले.” ऑफिस हसलं. चिठ्ठीचं त्यांनी विचारलं नाही, ‘करते’ या शब्दावर त्यांचा विश्वास असावा.

निवडयादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरी बाईंनी आम्हाला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून एक मुलगी वडलांबरोबर आली होती. यादीत नाव नाही म्हणून नव्हे, तर अर्ज भरूनही साधी पोच नाही म्हणून. साहेब, काका आणि मी गेलो. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची दिली तरी बसेना. वडील खुर्चीच्या कडेला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

“मी भरला व्हता,” ती म्हणाली. “लय वेळा भरला. ते म्हणं, फक्त आकडे लिहा. मी आकडंच लिहिलं व्हतं.”

मी लॅपटॉप उघडला. तिचं नाव शोधलं. नव्हतं. मग सगळ्यांना दिसेल असा लॅपटॉप वळवला आणि म्हणाले, “हे बघा. आलेल्या अर्जांत नाव नाही. अडलेल्या अर्जांतही नाही. म्हणजे फॉर्म भरलेलाच नाही.”

माझा आवाज फार छान लागला होता. स्वच्छ, कॉलेज रोडचा.

वडलांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. “खरं सांग गं,” ते हळूच म्हणाले. “ताईच्या मशीनमंदी तुझं नाव नाय. भरला व्हता का नाय?”

ती आधी माझ्याकडे बघत होती. मग खाली बघायला लागली. सेक्रेटरी बाई समजुतीनं म्हणाल्या, “होतं असं. पुढच्या वर्षी भर हं.” मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर वाटलेल्याची मला फार फुशारकी नको.

काका एवढा वेळ कोपऱ्यात होते. त्यांनी तिला विचारलं, “पोरी, फॉर्म कुठल्या फोनवर भरलास?”

“भावाच्या. घरी हाय.”

“मराठी आहे का फोन?”

तिनं मान हलवली. काकांनी वडलांकडून त्यांच्या घरचा नंबर आणि पाड्याचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला आले नाहीत. पेठ नाक्यावरून जीप धरून गेले, माणसं टपावर बसतात तसल्या जीपमधून, साठी उलटलेल्या गुडघ्यांनी. त्याच्या पुढच्या दिवशी आले ते सरळ माझ्या टेबलाशी. त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे ठेवला. त्यात एका तडकलेल्या स्क्रीनचा फोटो होता. माझा फॉर्म. ‘दहावीचे टक्के’ या चौकटीत तिनं लिहिलं होतं, ‘७८’. आणि खाली लाल अक्षरांत माझं वाक्य: ‘कृपया फक्त आकडे लिहा.’

माझी तपासणी फक्त इंग्रजी आकड्यांना आकडे मानत होती. मी ती माझ्या इंग्रजी फोनवर तपासली, ओझरनं तिच्या, सिन्नरनं त्याच्या. तिच्या कीबोर्डवर मराठी आकडे होते. मराठी फॉर्मवर मराठी मुलीनं मराठीत अठ्ठ्याहत्तर लिहिले, आणि मी तिला मराठीतच सांगत राहिले की हे आकडे नाहीत. तिनं खोडून पुन्हा तेच लिहिलं. दुसरं काय लिहिणार होती? आत सर्व्हरवर काकांच्या त्या पाचसहा ओळी तिला घ्यायला तयार बसल्या होत्या. मी दारातूनच कटवली.

“माझ्याकडून चिठ्ठी राहिली, काका,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले. रागावले असते तर फार बरं झालं असतं. “बाईंना तू कळव. तू सांगितलेलं बरं.”

“हो. आजच सांगते.”

मग त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला. “त्यांच्याकडनं नागलीचं पीठ दिलंय. एवढं मला एकट्याला काय करायचंय? अर्धं तू घे.” मी घेतलं. घेतलं हो! त्या घरचं पीठ हात पुढे करून घेतलं. त्याच्या भाकरी करायचा मला धीर झाला नाही. डब्यात राहून त्याला कीड लागली आणि एका रविवारी मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

आता ती मेल. दुपारी मी फॉर्ममधली चूक दुरुस्त केली, फक्त दोन ओळी बदलाव्या लागल्या. मग बाईंना लिहायला बसले. ‘माझी चूक झाली’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘आमची चूक’ लिहिलं, तेही खोडलं. महिन्याभरात माझ्या बढतीचं ठरायचं होतं. शेवटी पाठवलं ते असं: ‘सर्व्हर साइडच्या तांत्रिक अडचणीमुळे सदर अर्ज नोंदला गेला नाही. अडचण दूर केली आहे.’ प्रत साहेबांना. प्रत काकांना.

सर्व्हर साइड म्हणजे कोण, हे आमच्या ऑफिसात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाईंचं उत्तर आलं, जागा भरल्या आहेत, आता इलाज नाही. साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. काच होती, आवाज येत नव्हता. साहेब हातवारे करून बोलत होते, काका मान हलवत होते. मला वाटलं आता ते फोटो दाखवतील. त्यांचा फोन खिशातच राहिला. बाहेर येऊन ते माझ्या टेबलाशी थांबले.

“नांदगाव,” ते म्हणाले, “मेलमध्ये ‘अडचण’ लिहिलंस. ‘चूक’ हा शब्द चांगला आहे. लहान आहे, आकाराला पण बरा.”

एवढंच. मी “हो काका” म्हणाले. कशाला “हो” म्हणाले, देव जाणे.

त्यांचा करार वर्षावर्षाचा होता. त्या वर्षी तो पुढे वाढवला नाही. निरोपाला साहेबांनी कचोरी मागवली, मी भेटकार्डावर सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या आणि वर ‘तुमची उणीव भासेल’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. बढती मिळाली. त्यांचं टेबलही मलाच मिळालं, खिडकीजवळचं म्हणून मीच मागून घेतलं. त्याचा खालचा ड्रॉवर अडकायचा. मी तो दोन वर्षं ओढून पाहिला नाही.

गेल्या महिन्यात नवीन टेबलं आली. जुनं उचलताना हमालानं ड्रॉवर उपसला आणि लाल पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. “मॅडम, रद्दीत टाकू?”

मी उभ्या उभ्या चाळली. कचेरीच्या दिवसांतली पानंच्या पानं. नाव, कारण, कोणी. ‘कोणी’खाली सगळीकडे त्यांचं नाव, शाई बदलत गेलेली. मग बरीच पानं कोरी. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ. त्या मुलीचं नाव, शेजारी मराठी आकड्यांत घरचा फोन नंबर. कारण: ‘आकडे मराठीत लिहिले.’ कोणी: तिथं काही नव्हतं.

ज्या माणसानं हा रकाना जन्मात रिकामा सोडला नाही, त्यानं तो सोडला होता. माझ्यासाठीच सोडला होता. वही विसरणाऱ्यांतले ते नव्हतेच. “नको, असू दे,” मी हमालाला म्हणाले आणि गच्चीवर गेले.

काकांनाच आधी फोन करायला हवा होता. त्यांचा जुना नंबर लागला नाही, आणि नवा मी दोन वर्षांत कुणाला विचारला नव्हता. मग वहीतला नंबर लावला. वडलांनी उचलला.

“मी नाशिकहून बोलतेय. वसतिगृहाच्या फॉर्मचं काम होतं ना, त्या कंपनीतून.” माझं नाव मी सांगितलं नाही. जिभेला सवय झाली होती. “तुमच्या मुलीनं तेव्हा फॉर्म भरला होता. ती खोटं बोलत नव्हती.”

“ठाव हाय की,” ते म्हणाले. “ते तुमचे म्हातारे बाबा आले व्हते ना जीपनं. तिच्या हातानं परत भरून बघितला त्यांनी. मग माझ्याकडं बघून म्हणले, पोर खरी हाय, चूक माझी हाय. तिच्या पाया पडाया वाकले, मीच धरलं त्यांना.”

म्हणजे माझी मेल जायच्या आदल्याच दिवशी. मी त्यांच्या डोक्यावर टाकलेली चूक ते आधीच त्या पाड्यावर जाऊन स्वतःच्या नावावर घेऊन आले होते, आणि वर मला पीठ दिलं होतं.

“एक वरीस गेलं तिचं,” वडील सांगत होते, “द्राक्षाच्या कामाला आली आमच्यासंगं. आता जाते पेठला शिकाया. बरं हाय. पण बाबांची काय चूक नसंल ताई. आमाला तवाच वाटलं व्हतं. चुकलेला माणूस येवढ्या लांब येत नाय.”

मी म्हणाले, “नव्हती त्यांची.”

“मग कोणाची व्हती?”

खाली रस्त्यावर एक ट्रक बीप बीप करत मागे मागे येत होता.

“थांबा,” ते म्हणाले, “सुट्टीला आलीय ती. तिलाच देतो. तिलाच सांगा.”

फोन हातातून हातात गेल्याची खरखर ऐकू आली. मी वही कठड्यावर उघडून धरली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“हॅलो,” ती म्हणाली. “कोण बोलतंय?”

मी माझं नाव सांगितलं. गावासकट.